देवशिंगीच्या पुलाचं शून्य

नीती हाच अभियांत्रिकीचा पाया होय. हे वाक्य देवशिंगीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर संगमरवरात कोरलेलं आहे, आणि त्याखाली संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांचं नाव वाक्याहून मोठ्या अक्षरांत आहे. वेळापत्रकात हा पाया शनिवारी शेवटच्या तासाला येत असे. शनिवारी कँटीनमध्ये मिसळ असल्यामुळे पायावर सहसा कोणी उभं राहत नसे.

हा पाया प्रा. डॉ. लीलावती बोरगावे एकट्या सांभाळत होत्या. मूळच्या त्या पुलांच्या. तरुणपणी एका पाण्याच्या टाकीच्या काँक्रीटचा चाचणी-अहवाल ‘जरा बरा’ लिहून द्यायला त्यांनी नकार दिला होता. संस्थेने त्यांना काढलं नाही. संस्था तशी सुसंस्कृत. त्यांना फक्त नीतिशास्त्र शिकवायला दिलं. त्या काळी तो विषय नव्हता, शिक्षा होती. बाईंनी शिक्षा इतकी मनावर घेतली की तिच्यातच डॉक्टरेट केली. टाकी पुढे गुपचूप पाडून नव्याने बांधली गेली. त्याची बातमी झाली नाही, कारण टाकी कोणाच्या अंगावर पडलीच नाही. बाईंच्या कारकिर्दीची अडचण ही अशी होती. त्यांच्या कामाचं यश म्हणजे काहीही न घडणं, आणि काहीही न घडल्याचा शोधनिबंध छापणार कोण?

त्यांच्या पेपरात दरवर्षी एकच प्रश्न असे. एक प्रसंग, आणि खाली ‘तुम्ही काय कराल?’ त्या नापास कोणालाच करत नसत. पण उत्तराच्या शेवटी लाल शाईत ‘मग?’ असं लिहून उत्तरपत्रिका परत देत. पुष्कळ मुलांना त्यापेक्षा नापास होणं परवडलं असतं.

डॉ. रणजित इंगवले हे त्या मुलांपैकीच एक. आता दोन हजार एकोणचाळीस साली ते स्थापत्य विभागाचे प्रमुख होते, संस्थेचे अधिष्ठाता होते आणि भाऊसाहेबांचे जावई होते. यातलं कोणतं आधी आणि कोणतं त्यामुळे, यावर स्टाफरूममध्ये मतभेद होते. पण इंगवल्यांच्या हुशारीवर नव्हते. बोलणारा पूल त्यांनीच शोधून काढला होता.

कल्पना समजायला सोपी आहे. काँक्रीट कालवताना त्यात केसाहून बारीक असे कार्बनचे तंतू मिसळायचे. काँक्रीट दाबलं गेलं की तंतू एकमेकांजवळ येतात आणि त्यातून वीज सहज वाहते. ताणलं गेलं की तंतू दुरावतात, वीज अडखळते. ती कुठे किती अडखळली हे मोजत राहिलं, की पुलावर या क्षणी किती भार आहे हे पूल स्वतःच सांगतो. मग त्याला एक दिवा जोडायचा. हिरवा म्हणजे चला, नारिंगी म्हणजे जपून. लाल झाला की दोन्ही टोकांचे अडसर आपोआप खाली. मात्र तराजूसारखंच याचंही आहे. रिकाम्या पुलाची नोंद म्हणजे शून्य, आणि पुढची सगळी मापं त्या शून्याशी ताडून.

पहिला असा पूल देवशिंगीच्याच नदीवर झाला. उद्घाटनाला सत्यनारायण होता, मांडव होता, आणि साजूक तुपातला शिरा होता. भाऊसाहेबांनी गुरुजींनी काढून दिलेल्या मुहूर्तावर बटण दाबून शून्याची नोंद केली. लगेच वजन करून आणलेला एक डंपर पुलावरून नेला, आणि पडद्यावर त्याचं वजन किलोपर्यंत चोख उमटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवशी शिरा खाताना इंगवल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते तुपामुळे नव्हतं.

पुढच्या सहा वर्षांत आणखी एकतीस पूल झाले. इंगवल्यांनी लिहिलेल्या कार्यपद्धतीत स्पष्ट म्हटलं होतं: सर्व टप्पे देवशिंगीप्रमाणे. पुलाखाली उतरून हातोडीने ठोकून बघणारे अभियंते घरी बसले. लोकांच्या बोलण्यातही पूल शिरला. मुलगी दाखवायच्या आधी मुलाकडची मंडळी विचारू लागली, “घराणं हिरवं आहे ना?” बोलता पूल सायकली, मोटारी असल्या क्षुल्लक वाहनांची दखल घेत नसे. वर्तमानपत्रांनी याला पुलाची प्रगल्भता म्हटलं.

आता सोमवारी राज्यातल्या चारशे पुलांचा करार व्हायचा होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होणार होता, म्हणजे उसाच्या जोडट्रॉल्या पुलावर रांगेने उभ्या राहणार होत्या. करारासाठी संस्थेच्या नीती समितीची मंजुरी हवी होती. समितीत पाच जण होते. एक वारले होते, एक कॅनडात होते, आणि दोघांना आपण समितीत आहोत हे कोणी कळवलंच नव्हतं. उरल्या बोरगावे बाई.

गुरुवारी दुपारी त्या इंगवल्यांच्या केबिनमध्ये आल्या. काखेत एक मोठी तसबीर होती.

“मॅडम, तुम्ही कशाला आलात? मी माणूस पाठवला असता सहीला.”

“सही कुठे पळून जातेय? मला जरा पूल समजावून सांग. पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतेय, म्हटलं त्याआधी समजून घ्यावा.”

इंगवले खुलले. शिकवायला त्यांना मनापासून आवडायचं. त्यांनी तंतू सांगितले, वीज सांगितली, दिवा सांगितला. बाई नीट ऐकत होत्या.

“पुलावरून सायकल गेली तर किती दाखवतो?”

“शून्य. इतकं हलकं टिपत नाही तो.”

“मोटार?”

“तीही नाही.”

“रिकामा ट्रक?”

“मॅडम, संवेदनक्षमतेची एक मर्यादा असते. साधारण सव्वीस टनांच्या पुढचंच तो टिपतो.”

“आणि त्या डंपरला किलोपर्यंत सांगितलं होतं.”

“हो.”

“म्हणजे माणूस किलोचा हिशोब सांगतो, पण सव्वीस टन त्याला दिसत नाहीत.” बाईंनी तसबीर टेबलावर ठेवली. “ही प्राचार्यांच्या केबिनमधून आणली. शिपाई नको म्हणत होता. रणजित, यात किती टन माणसं आहेत रे?”

उद्घाटनाचा फोटो होता. मधोमध भाऊसाहेब, बोट बटणावर. मागे गुरुजी. आणि दोन्ही कठड्यांपर्यंत खच्चून माणसं, मांडवाचे खांब, जनरेटर, शिऱ्याच्या कढया, आचारी. सगळं पुलावर. डाव्या कोपऱ्यात द्रोण हातात घेतलेल्या बोरगावे बाईसुद्धा होत्या.

हा फोटो इंगवल्यांनी शेकडो वेळा पाहिला होता. प्रत्येक वेळी ते त्यात स्वतःला शोधत असत.

“डंपर गेला तेव्हाही ही सगळी तिथेच होती,” बाई म्हणाल्या. “टाळ्या वाजवत. म्हणून तर आकडा जुळला. मीही वाजवल्या.”

इंगवल्यांनी फोटो जवळ ओढला. शून्याच्या वेळी पुलावर गाव उभा होता. म्हणजे पुलाने गावालाच शून्य धरलं होतं. गाव घरी गेला, तरी पूल तेवढं वजन कायम विसरत राहिला. लाल दिवा लागायला हवा तिथे त्याला नारिंगी लागत होता, नारिंगी हवा तिथे हिरवा.

“पण मग रिकाम्या पुलाने उणे आकडा दाखवायला हवा होता,” बाईंनी हळूच विचारलं. “कधी दाखवला नाही?”

दाखवला होता. पहिल्या आठवड्यातच. इंगवल्यांना वाटलं होतं, ऊन-सावलीचा परिणाम असणार. उणे वजन तर जगात नसतंच. त्यांनी आज्ञावलीत एक ओळ घातली होती: उणे आल्यास शून्य धरावे. शोधनिबंधात तिला ‘तापमान-दुरुस्ती’ असं भारदस्त नाव दिलं होतं. तिची चौकशी कोणत्याच परीक्षकाने केली नाही.

“माझ्या पहिल्या तासाचा काटा आठवतो तुला?” बाईंनी विचारलं.

आठवत होता. स्वयंपाकघरातला वजनकाटा. बाई दरवर्षी पहिल्या तासाला तो आणत. त्यावर जेवणाचा डबा ठेवून बटण दाबत, काटा शून्य. “आता सांगा, डबा आहे की नाही?” मग डबा उचलत, काटा उणे. “आता काय कराल?” सोळा वर्षांपूर्वी मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला होता, “आकड्यावर पट्टी चिकटवू, मॅडम!” वर्ग कोसळला होता. बाईही हसल्या होत्या. तो मुलगा आत्ता अधिष्ठात्यांच्या खुर्चीत बसला होता.

“चल,” बाई उठल्या. “पूल बघून येऊ. फोटोवरून सही नाकारणं बरं नव्हे.”

इंगवल्यांनी लॅपटॉपवर ती ओळ पुसली, आणि पूल रिकामा होण्याची वाट बघत एका टोकाला बसले. दुसऱ्या टोकाला बाई रस्त्याच्या मधोमध छत्री आडवी धरून उभ्या राहिल्या. विटांनी भरलेला एक ट्रॅक्टर येऊन थांबला.

“काय ओ बाई, दिवा हिरवा हाय की!”

“आहे ना. म्हणूनच थांबवलंय.”

“आँ?”

“दिव्याला बरं नाहीये. पाच मिनिटं दम धरा.”

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. “दिव्याला बी सलाइन लावा मग,” म्हणाला, आणि तंबाखू मळायला बसला.

पडद्यावर आकडा आला. उणे सव्वीस.

“ऊन आहे, मॅडम,” इंगवले फोनवरून म्हणाले.

“मग सावलीची वाट बघू.”

पाचाची दहा मिनिटं झाली. ढग आला, पूल सावलीत गेला, आणि आकडा अर्ध्या टनाने हलला. तापमानाचा वाटा अर्धा टन होता. बाकीचा साडेपंचवीस टन शिरा होता, आणि तो खाणारे.

संध्याकाळी भाऊसाहेबांच्या बंगल्यावर जेवण होतं. बंगला संस्थेचा, त्यातला वरचा मजला जावयाचा. भाऊसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. माळावर त्यांनी कॉलेज उभं केलं होतं, आणि ते उभं राहावं म्हणून ते काहीही करायला तयार असत. त्यातलं बरंचसं त्यांनी केलंही होतं.

“पूल पडला का, जावईबापू?”

“नाही, मामा.”

“सहा वर्षांत तडा?”

“आपल्या पुलाला नाही. बाकीच्यांचं माहीत नाही. त्यांच्याखाली आता कोणी उतरत नाही.”

“मग?” भाऊसाहेब म्हणाले. हा शब्द इंगवल्यांनी आयुष्यभर लाल शाईत वाचला होता. बोलण्यात तो इतका निर्धास्त वाटू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. “सोमवारी सही होऊ द्या. मंगळवारी गुपचूप शून्य बदला. कुणाला कळणार हाय?”

“बत्तीसही पुलांचं शून्य देवशिंगीप्रमाणेच उद्घाटनाच्या वेळी घेतलंय; ते रिकामे केल्याशिवाय बदलता येत नाही. आणि का रिकामे केले ते सांगितल्याशिवाय ते रिकामे करता येत नाहीत. ट्रॉल्या सुरू झाल्या तर...”

“बोरगावे बाईंनी भरवलंय हे डोक्यात. त्या टाकीपास्नं त्यांचं हेच चाललंय.”

“टाकीचं काय झालं होतं, मामा?”

भाऊसाहेबांनी ताकाचा पेला उचलला. “पाडायला लागली,” ते म्हणाले, आणि बराच वेळ ताक पीत राहिले.

शुक्रवारी सकाळी नीती समितीची पुनर्रचना झाली. नव्या समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब होते. समितीने एका बैठकीत, बसण्याआधीच, कराराला मंजुरी दिली. आता बोरगावे बाईंची सही कोणालाच नको होती. उरली होती फक्त शोधकाची.

वरच्या मजल्यावर मंजिरीने नवऱ्याकडे पाहिलं. ती भाऊसाहेबांची मुलगी होती, आणि शनिवारचा शेवटचा तास तिनेही केला होता.

“बाबांना सोड. तुझं काय ठरलंय?”

“अजून काही नाही. अधिष्ठातापद जाईल. निबंध मागे घ्यावा लागेल. सहा वर्षांचं सगळं काम...”

“ते मला माहितेय. सामान बांधायला किती दिवस आहेत, तेवढं सांग.”

शनिवारी शेवटच्या तासाला इंगवले बाईंच्या वर्गाबाहेर जाऊन उभे राहिले. आत सात मुलं होती. त्यातली दोन झोपली होती. बाई पाचांना शिकवावं तशा नव्हे, पाचशेंना शिकवावं तशा शिकवत होत्या. तास संपवून बाहेर आल्या.

“मॅडम, मी काय करू?”

“हे मी आजवर कोणाला सांगितलंय का?”

“निदान आज सांगा. तुमची समितीच काढून घेतली त्यांनी. तुम्हाला राग नाही आला?”

“आला की. घरी जाऊन दोन कपाटं आवरली.” बाईंनी पिशवीतून वजनकाटा काढला. “हा हवा असेल तर ने. परत आणून दे मात्र, सुनेला केक करायला लागतो.”

त्या जिना उतरून गेल्या. इंगवले काटा हातात धरून उभे राहिले. आयुष्यात आपल्याला शिक्षक पुष्कळ भेटले, आणि उत्तर न सांगण्याइतका विश्वास आपल्यावर फक्त बाईंनी टाकला, असं त्यांच्या मनात आलं. त्या विश्वासाचा त्यांना थोडा रागही आला.

सोमवारी सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर खात्याचे सचिव, भाऊसाहेब, हारांचा ढीग. बोरगावे बाई तिसऱ्या रांगेत, पंख्याखालची जागा धरून. प्रास्ताविकाला इंगवले उठले आणि त्यांनी टेबलावर वजनकाटा ठेवला. त्यावर पेढ्यांचा भरलेला खोका ठेवला आणि बटण दाबलं.

“साहेब, किती दिसतंय?”

“शून्य,” सचिव हसून म्हणाले.

“आता पेढा घ्या.”

सचिवांनी एक घेतला. भाऊसाहेबांनी घेतला नाही. खोका पहिल्या रांगेत फिरला, रिकामा होऊन परत आला. इंगवल्यांनी तो काट्यावर ठेवला.

“आता?”

“उणे दाखवतोय.”

“माझा पूल सहा वर्षं हेच दाखवत होता. मी त्याच्यावर पट्टी चिकटवली.” मग त्यांनी फोटो पडद्यावर लावला आणि सगळं सांगितलं: शिरा, डंपर, ती ओळ, तिचं भारदस्त नाव. ओळ कोणी लिहिली हेही सांगितलं. “बत्तीसच्या बत्तीस पूल आज बंद करा. रिकामे करून शून्य पुन्हा घ्या, आणि खाली माणूस उतरवा. हातोडी घेऊन. करारावर मी सही करू शकत नाही.”

सचिवांनी हातातला अर्धा पेढा बशीत ठेवला. भाऊसाहेब समोर बघत बसले होते. ते रागावले आहेत की थकले आहेत, हे जावयालाही कळलं नाही. इंगवल्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. तेवढंच. पण त्या ‘मग?’ म्हणाल्या नाहीत, हे इंगवल्यांच्या लक्षात आलं, आणि ते जरा सरळ उभे राहिले.

त्यानंतरचं कोणालाच सुखाचं नव्हतं. पूल बंद झाले. उसाच्या ट्रॉल्या लांबच्या फेऱ्याने जाऊ लागल्या, आणि ट्रॉलीवाल्यांनी इंगवल्यांच्या घराण्याचा उद्धार केला. करार गेला, पद गेलं, वरचा मजला गेला. मंजिरीने सामान आधीच बांधलं होतं. शोधनिबंध मागे घेतल्याची चार ओळींची सूचना नियतकालिकाच्या शेवटच्या पानावर आली. शेवटच्या ओळीत प्रा. बोरगावे यांचे आभार मानले होते. त्यांच्या कारकिर्दीतला तो सर्वांत जास्त वाचला गेलेला उल्लेख ठरला. त्यांनी तो कापून ठेवला नाही. कुठे ठेवला असता, असं त्या म्हणाल्या. शनिवारच्या तासाला मात्र त्या वर्षी बाकं कमी पडू लागली. मिसळीचा वार बदलल्यामुळे असं होत असल्याचं कँटीनवाल्याचं मत होतं. इंगवले आता त्या तासाला मागच्या बाकावर बसत. बाई निवृत्त झाल्यावर हा विषय कोणी शिकवायचा, यावर संस्थेत फारशी स्पर्धा नव्हती.

दोन पुलांच्या तुळयांना खालून तडे गेलेले आढळले. त्यांचे दिवे हिरवे होते. त्या पुलांवरून त्या हंगामातली एकही ट्रॉली गेली नाही, त्यामुळे तिथे काहीही घडलं नाही, आणि त्याचीही बातमी झाली नाही.

शून्य सगळीकडे पुन्हा घेतलं. तपासणी समितीच्या अहवालात एक तक्ता आहे. पुलाची चूक ही उद्घाटक पुढाऱ्याच्या लोकप्रियतेच्या प्रमाणात निघाली: गर्दी जितकी मोठी, तितका पूल खोटा. सर्वांत खोटा पूल एका माजी मंत्र्यांच्या गावचा होता; तिथे जेवणात पुरणपोळी होती.

बत्तीसपैकी एकच पूल अचूक निघाला. त्याच्या उद्घाटनाला कोणी आलं नव्हतं.